वर मजकूर, खाली काळी पट्टी

संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मी वहीचं एक पान लिहिते. लग्न झाल्यापासूनची सवय आहे. त्यात मोठं काही नसतं. पाणी किती वाजता आलं, कोण भेटलं, सासूबाईंचे गुडघे आज कसे होते. शेवटची ओळ मात्र ठरलेली: आज आभार कुणाचे मानायचे. कधी गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून देणाऱ्याचे, कधी उन्हात सावली देणाऱ्या समोरच्या करंजाचे. गेल्या वर्षाची वही परवा चाळली तर त्या शेवटच्या ओळीत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं. आण्णा. म्हटलं, आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक अंकात या माणसाबद्दल एकदा सलग लिहावं.

आण्णा म्हणजे हरिचंद्र भोईर. बदलापूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळचे बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे. घरी भातशेती, पण हे सोळाव्या वर्षी उल्हासनगरला आले आणि कॅम्प पाचमधल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे खणातून उचलून ओळ जुळवणारा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे आण्णांना आयुष्यभर उलटं वाचायची सवय. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं. त्यांचे सिंधी शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "साईं, आण्णाचा मॅटर आहे. तपासायला चष्मा काढू नका."

मग खिळे गेले, कॉम्प्युटर आला. आण्णा तेव्हा पन्नाशीत होते. बाकीचे जुळारी कुणी वॉचमन झाले, कुणी गावी गेले. आण्णा मात्र शेठच्या पुतण्याच्या मागे उभं राहून कॉम्प्युटर शिकले. चारपाच वर्षं बरी गेली. पण हळूहळू ते स्क्रीनवर माउसचा बाण हरवायला लागले. "कुठं गेला हा?" असं म्हणत सारं टेबल माउसने पुसून काढायचे. लोकांना वाटलं वय झालं. डॉक्टरांनी सांगितलं काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलाय.

त्यांना मधलं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. मला एकदा समजावून सांगितलं त्यांनी. वहीचा कागद गुंडाळून नळी केली आणि म्हणाले, "घे सूनबाई, यातनं बघ. आता तुझ्या सासूला शोध." माझ्या सासूबाईंना, सुंदराबाईंना, ते आक्का म्हणतात, म्हणून मी सूनबाई. मी नळीतून पाहिलं. सासूबाई समोरच बसल्या होत्या, तरी सापडायला वेळ लागला. आधी भिंत, मग कॅलेंडर, मग त्यांचा कान.

"हां," आण्णा म्हणाले. "माझा सगळा दिवस असा जातो. कान सापडतो, माणूस सापडत नाही."

नोकरी सुटली. त्यांची मुलगी अंजनी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने घरी एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्यात वडिलांसाठी वेगळीच मांडणी करून दिली. मला त्यातलं कळत नव्हतं, पण रोज दुपारी बघून बघून कळायला लागलं. नेहमीच्या कॉम्प्युटरवर एका कामाची एक खिडकी, दुसऱ्या कामाची दुसरी. ती कधी मागे जाते, कधी कोपऱ्यात. नळीतून बघणाऱ्याने ती कुठे शोधायची? अंजनीने लिनक्स नावाची वेगळी प्रणाली घातली आणि लिहिण्याचा एक एडिटर दिला, ज्याच्या पोटातच टर्मिनल होतं. टर्मिनल म्हणजे आज्ञा लिहायची जागा. माउस नाही, चित्रं नाहीत, टाइप करायचं आणि एंटर मारायचं. एरवी ते वेगळ्या खिडकीत उघडतं. इथे ते त्याच खिडकीच्या तळाला काळ्या पट्टीसारखं कायम बसलेलं. वर पांढऱ्यावर मजकूर, खाली काळ्यावर आज्ञा. पट्टी कधी हलणार नाही, मागे जाणार नाही, हरवणार नाही.

वरून खाली जायला कीबोर्डवर एक बटण होतं. त्याच बटणाने परत वर. ते बोटाला सापडावं म्हणून सगुणाकाकूंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोने, स्वतःची खड्याची टिकली त्यावर चिकटवली होती. त्या एडिटरचं नाव कुठल्याशा गोऱ्या बाईचं होतं. काकू म्हणायच्या, "माझ्या कपाळाची टिकली काढून त्या सवतीला लावली मी. आणि हे दिवसभर तिच्याच मांडीला मांडी लावून."

"ती चहा मागत नाही," आण्णा म्हणायचे.

"मग तिच्याकडूनच घ्या चहा."

चहा यायचा अर्थात.

मराठीही त्यांनी त्यातच बसवली होती. वर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, ठरलेल्या पद्धतीने. टिकली दाबून खाली यायचं, एक आज्ञा द्यायची, की तो सगळा मजकूर देवनागरीत जुळून छापायचं पान तयार. आण्णा खुशीत म्हणायचे, "वर खण, खाली मशीन. आमचा छापखाना एका काचेत आला." अंजनीने आणखी एक सोय केली होती. वर ज्या फोल्डरमधलं पान उघडाल, त्याच फोल्डरमध्ये खालची पट्टी आपोआप जाऊन उभी राहील. आण्णांना शोधत बसायला नको. ही सोय पुढे फार महत्त्वाची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दोन हजार आठ साली आमच्या महिला मंडळाने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला एक पुस्तक काढायचं. वस्तीतल्या चौदा म्हाताऱ्या बायांच्या आठवणी. त्या मी दोन वर्षं घरोघर बसून वहीत उतरवून घेतल्या होत्या. कुणी देशावरून चालत आलेली, कुणी अंबरनाथच्या कारखान्यांच्या पायात विटा वाहिलेली. अकरावी आठवण माझ्या सासूबाईंची. अक्षरजुळणी कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मी आण्णांचं नाव घेतलं. एकदोघी म्हणाल्या, "अगं, त्यांना दिसत नाही ना?" मी म्हटलं, मधलं दिसतं.

आण्णांनी फेब्रुवारीत काम घेतलं. रोज दुपारी तीन ते चार. चारला आमच्याकडची वीज जायची, ती सातला यायची. मी वही वाचायची, त्यांनी टाइप करायचं. ओळीच्या कडा त्यांना दिसत नसत, तेवढ्या मी सांगायच्या. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. मेमधला एक शुक्रवार. डॉक्टर स्पष्ट बोलले होते. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकलं तर नशीब, आणि नंतर दीड महिना स्क्रीनसमोर बसायचं नाही. पौर्णिमा त्या दीड महिन्याच्या आत येत होती. शेठ छपाई करून देणार होते, पण गुरुवारी दुपारपर्यंत सीडी हातात हवी, नाहीतर त्यांच्याकडे लग्नपत्रिकांची रांग.

अंजनीचं मत वेगळं होतं. ती फोनवर म्हणायची, "बाबा, बास झालं आता. डोळ्यांवर ताण येतो. पुस्तक दुसरं कुणीही करेल." आण्णा हूं हूं करायचे. फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाले, "तिचं चुकत नाही. पण एकदा मला उठवलं ना सूनबाई, की परत त्या खुर्चीत कुणी बसवणार नाही. ऑपरेशननंतर म्हणतील, आण्णा आता आराम. चाळीस वर्षं आराम न केलेल्या माणसाला आराम म्हणजे काय, सांगू? बाकडं." पुढे म्हणाले, "हे एक पूर्ण करून दाखवू दे. मग पोरीला सांगायला तोंड राहील की बाप कामाचा आहे."

म्हणून ते पुस्तक आमच्यासाठी पुस्तक होतं, आणि आण्णांसाठी खुर्ची.

ऑपरेशनच्या आठवड्यातला मंगळवार. चौदाही आठवणी टाइप झाल्या होत्या, कागदावर प्रूफं काढून तपासून झाली होती. आण्णा सकाळपासून एकेक आठवण उघडून शेवटच्या दुरुस्त्या करत होते. अकरापर्यंत आले होते. दुपारी मी खाली गेले तेव्हा म्हणाले, "तिघीजणी राहिल्यात, त्या उद्या. आज जरा दगड पुसून घेतो."

दगड पुसणं हा त्यांचा छापखान्यातला शब्द. छपाई झाली की जुळवलेली ओळ मोडायची, खिळे आपापल्या खणात परत टाकायचे, ज्या दगडी टेबलावर काम झालं तो पुसायचा. त्याशिवाय जुळारी घरी जात नसे. कॉम्प्युटरवरही आण्णा तेच करायचे. देवनागरी जुळवताना बरंच सटरफटर तयार व्हायचं, ते 'चुरा' नावाच्या फोल्डरमध्ये पडायचं. खरा मजकूर 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये. दिवसअखेर चुऱ्यातलं एक पान वर उघडायचं, म्हणजे पट्टी चुऱ्यात जाते, मग खाली दोन अक्षरांची आज्ञा आणि पुढे एक चांदणी. चांदणी म्हणजे 'सगळं'. एंटर. चुरा साफ.

त्यांनी चुऱ्यातलं पान उघडलं. आणि मी, मला आत्ता लिहितानाही कानशिलं गरम होतात, मी म्हटलं, "आण्णा, आधी एक बघा ना. सासूबाईंच्या आठवणीत त्यांनी 'नळावर बारी' म्हटलंय, ते आपण 'रांग' केलं का हो? त्यांना बारीच हवंय."

"बघू," म्हणत त्यांनी सासूबाईंची आठवण वर आणली. ती मूळमधली. 'बारी'च होतं. मी समाधानाने हुश्श केलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, चहात साखर कमी आहे की आण्णांच्या जिभेत, यावर दोघांचं थोडं झालं. आण्णांनी बशीतला चहा संपवला, टिकली दाबली, खाली आले, दोन अक्षरं टाइप केली, चांदणी टाकली, एंटर मारला.

मग त्यांनी मान थोडी डावीकडे वळवून पट्टीची डावी कड नळीत आणली. तिथे फोल्डरचं नाव असतं. तेवढी कडच त्यांना एरवी दिसत नसे.

"सूनबाई," ते म्हणाले, "तिथं काय लिहिलंय?"

मी वाचलं. "मूळ." सासूबाईंचं पान वर आणलं तेव्हाच पट्टीही तिथे गेली होती.

त्यांनी खाली आणखी एक आज्ञा दिली, फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवणारी. पट्टीने काहीच दाखवलं नाही. पुढची रिकामी ओळ आली, कर्सर लुकलुकत राहिला.

"इथं कचऱ्याचा डबा नसतो," आण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा, जणू दूध संपलंय असं सांगतायत. "गेलं ते गेलं. तीन महिने."

काकू दारात थबकल्या. "म्हणजे काय झालं?"

"मॅटर मोडला. छापायच्या आधी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात कॉम्प्युटरच्या मोठ्या बटणाकडे नेला. बंद करायला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अंजनीला सांगू नकोस. मी शुक्रवारनंतर सांगेन काहीतरी. डिस्क बिघडली म्हणेन."

मी रोज पाच शीलं म्हणते, चौथं खोटं न बोलण्याचं. म्हणणं सोपं असतं. समोर साठीचा माणूस चष्मा काढून असं सांगतो तेव्हा पाळणं तितकं सोपं राहत नाही. मी त्यांना नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. मी नुसती स्क्रीनकडे बघत होते. आणि मला दिसलं की वर सासूबाईंची आठवण अजून आहे. पांढऱ्यावर, जशीच्या तशी.

"आण्णा, थांबा. वर तर दिसतंय की."

"ती सावली आहे. खालून फाइल गेली. बंद केलं की तीही जाईल."

"मग बंद का करताय?"

त्यांचा हात थांबला.

"मी अंजनीला फोन लावते," मी म्हटलं. "खोटं मला जमणार नाही, आण्णा. रागवायचं असेल तर तिला काय ते विचारून झाल्यावर रागवा."

काकूंनीच मोबाइल माझ्या हातात दिला. "लाव. हे उद्या बाकड्यावर बसले तर माझंच डोकं खातील."

घड्याळात तीन चाळीस झाले होते.

अंजनी मीटिंगमध्ये होती, तरी बाहेर आली. मी एका दमात सांगितलं. मला वाटलं आता वडिलांना बोलणार. ती म्हणाली, "काकी, कुणी कशालाही हात लावू नका. कॉम्प्युटर चालू आहे ना? एडिटर बंद नाही केला?"

"नाही. बंद करतच होते."

"मग ऐका. टर्मिनलने डिस्कवरची फाइल पुसली. पण एडिटरने ती उघडताना एक प्रत स्वतःच्या डोक्यात घेतलेली असते. ते डोकं जागं आहे तोवर मजकूर आहे. सकाळपासून बाबांनी किती पानं उघडून बघितली?"

"अकरा."

"मग अकरा आहेत. नुसत्या यादीत नावं असतील पण बघितली नसतील, ती नाहीत. तुमच्याकडे लाइट कधी जाते?"

"चारला."

"यूपीएस?"

आण्णा मागून म्हणाले, "दोन मिनिटं ओरडतो आणि मरतो."

"बाबा," अंजनी म्हणाली. मी फोन स्पीकरवर टाकला होता. "बाबा, हात गरम आहेत ना? चला, सेव्ह मारा. जो डबा येईल तो काकी वाचतील."

आण्णांनी चष्मा परत घातला. सेव्ह. मध्येच एक डबा आला, म्हणजे प्रश्न विचारणारी चौकट, इंग्रजीत. मी दहावी झालेय, पण ते इंग्रजी वेगळं. एकेक शब्द चाचपत वाचला. फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने पुसली आहे, काय करू, अशा अर्थाचं. खाली तीन बटणं.

"ओव्हरराइट म्हणून आहे का?"

"आहे, डावीकडून दुसरं."

"टॅब दाबून तिथं न्या. बाकी कुठलंही दाबू नका. एक बटण असं आहे की डोकंही रिकामं करेल."

आण्णांना त्या डब्याचा मधलाच भाग दिसत होता, बटणं नाही. मी म्हणत गेले, "अजून एक. अजून एक. हां, आलं. मारा." त्यांनी एंटर मारला. टिकली. खाली. यादी दाखवायची आज्ञा. काळ्या पट्टीवर एक नाव उमटलं. एकच. सासूबाईंची आठवण.

काकूंनी दाराच्या चौकटीला हात लावून कपाळाला लावला.

"चला, पुढची," अंजनी म्हणाली. "भराभर."

पुढचं पान, सेव्ह, डबा, "अजून एक, आलं", एंटर. तिसऱ्या-चौथ्या पानापासून मला बोलावंही लागलं नाही, बटण किती टॅबवर आहे ते आण्णांच्या बोटाला कळलं होतं. मी नुसती खात्री करून "हां" म्हणत होते. प्रत्येक वेळी ते टिकली दाबून खाली जात आणि यादी मागवत. अंजनी म्हणाली, "बाबा, दर वेळी बघायला नको, वेळ जातोय."

"प्रूफ बघितल्याशिवाय मी कधी पुढं गेलेलो नाही," आण्णा म्हणाले. पलीकडून ती हसली. पहिल्यांदाच.

नववं पान झालं तेव्हा पंखा थांबला. चारला अजून तीन मिनिटं होती, पण वीजवाल्यांचं घड्याळ वेगळं. यूपीएस ओरडायला लागला. दहावं. डबा. "हां." अकरावं पहिल्या बाईंचं होतं, त्या त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या. सेव्ह, डबा. यूपीएसचा आवाज लांब झाला. "हां, आण्णा, हां!" एंटर. त्यांचं बोट टिकलीकडे गेलं, आणि स्क्रीन काळी झाली. पूर्ण.

"झालं का?" अंजनी विचारत होती. "काकी, झालं का?"

आम्हाला माहीत नव्हतं.

सातपर्यंत वाट बघण्याशिवाय काही उपाय नव्हता. मी वर जाऊन कुकर लावला, वंदना केली. खरं सांगते, त्या दिवशी मन वंदनेत कमी आणि तळमजल्यावर जास्त होतं. सातला वीज आली तशी धावत खाली गेले. आण्णांनी आधीच सुरू केलं होतं. टिकली दाबली, यादी मागवली. मी मोठ्याने मोजलं. अकरा.

तीन गेल्या होत्या. बारा, तेरा, चौदा. मी म्हटलं, "आण्णा, वह्या आहेत माझ्याकडे. शब्द कुठे गेलेत? टाइप करायचंय फक्त."

"दोन दिवसांत तीन? आधी एकेकीला आठवडा लागलाय."

पुन्हा फोन वाजला. मला वाटलं अंजनी आता म्हणेल, अकरावर थांबा. ती म्हणाली, "बाबा, एक विचारते. तुम्ही टाइप करताना स्क्रीन बघता का?"

"बघतो. म्हणूनच वेळ लागतो. ओळ सापडायला लागते."

"नका बघू. तुम्ही खिळे उचलताना खणाकडे बघायचात?"

आण्णांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही. हात जायचा."

"मग डोळे मिटा आणि हात जाऊ द्या. काकी वर बघतील. मी गुरुवारी सकाळी येते, तेव्हा चौदा पाहिजेत मला."

बुधवारी आम्ही सकाळीच बसलो. सासूबाईसुद्धा जिना उतरून खाली आल्या, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला एकेक उद्गार काढत. आण्णांनी खरंच डोळे मिटले. मी वाचायला लागले आणि त्यांची बोटं पळायला लागली. इतकी की मलाच दम लागला. मध्ये सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, झोपलात व्हय?"

"जागा आहे आक्का. आतला छापखाना चालू आहे."

चुका झाल्याच. कुठे ओळ सुटली, एकदा टिकलीवर बोट पडून अर्धं वाक्य काळ्या पट्टीत गेलं आणि पट्टीने त्याला उद्धटपणे सांगितलं की अशी आज्ञा मला माहीत नाही. बाराव्या बाईंच्या नवऱ्याने केलेली तक्रार होती ती. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कुणीच ऐकून नाय घेतलं, मशिनीनं तरी का घ्यावं?" आम्ही हसून लोळलो. बुधवारी दोन झाल्या. चौदावी गुरुवारी सकाळी साडेदहाला.

अंजनी अकराला आली. बॅग खाली ठेवायच्या आधी वडिलांच्या पाठीमागे उभी राहिली. आण्णांनी टिकली दाबली, यादी मागवली. ती मोजत होती, ओठ हलत होते. चौदा. तिने तीन सीडी काढल्या, एक शेठना, एक मला, एक स्वतःच्या पर्समध्ये. मग वडिलांना म्हणाली, "दगड पुसायची घाई जरा कमी करा. तुमच्या छापखान्यात मोडलेला मॅटर पुन्हा जुळवायला माणसं होती."

"इथंही आहेत," आण्णा म्हणाले.

सीडी घेऊन मी आणि अंजनी रिक्षाने कॅम्प पाचला गेलो. शेठनी ती हातात घेऊन विचारलं, "आण्णाचाच मॅटर ना? मग बस्स." पुस्तकात शेवटच्या पानावर अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापतात. आण्णांनी ते घातलं नव्हतं, जुन्या छापखान्यात पद्धतच नव्हती. अंजनीने शेठच्या कॉम्प्युटरवर बसून ते घातलं. मी शेजारी होते. तिने दोनदा तपासलं.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले तसंच. गेलेलं आलं नाही, होतं ते राहिलं. पौर्णिमेला विहारात आण्णा काळा चष्मा लावून काकूंच्या शेजारी बसले होते, पुस्तक मांडीवर, बंद. दीड महिना त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. त्या दीड महिन्यात त्यांना बाकड्यावर बसवायचं कुणी नाव काढलं नाही, अंजनीने तर नाहीच. उलट जाताना तिने पट्टीत एक बदल केला. फोल्डरचं नाव आधी डाव्या कडेला यायचं, ते आता बरोबर मध्यात येतं, मोठ्या लाल अक्षरांत. आण्णांच्या नळीत. शिवाय पुसायची आज्ञा दिली की पट्टी आता आधी विचारते, खरंच पुसू का.

त्या जुलैपासून आण्णा पुन्हा खुर्चीत आहेत. शेठ काम पाठवतात, आमच्या मंडळाचा हा अंकही तेच जुळवतायत, म्हणजे हे वाक्य त्यांच्याच बोटांतून जाईल. आण्णा, यातलं काही गाळू नका.

आता त्यांना मला विचारायची काही गरज उरलेली नाही. फोल्डर त्यांना दिसतं. तरी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, दगड पुसायच्या आधी, ते मान न वळवता विचारतात, "सूनबाई, मी कुठं उभा आहे?"

मी वही बाजूला ठेवून वाचते. "चुऱ्यात, आण्णा."

"नक्की?"

"नक्की."

मगच ते एंटर मारतात. आणि ज्या दिवशी मी "मूळमध्ये" म्हणते, त्या दिवशी ते दोन्ही हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवतात आणि काकूंना चहा मागतात.